टेकडीकडची झडप

१

हॉटेल टेकडीछायातून रोज संध्याकाळी गारवा चोरीला जायचा.

दागिना गेला तर रिकामी डबी तरी हाती लागते. गारव्याचं तसं नसतं. तिन्ही मजल्यांवरच्या खोल्या थंडच असायच्या, पाहुणे पांघरुणं ओढून गाढ निजायचे, तक्रार कुणाचीच नसायची. फक्त गच्चीवरचं यंत्र दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत धापा टाकायचं, दुप्पट वीज ओढायचं, आणि एवढी थंडी जाते कुठे हे कुणाला सांगता यायचं नाही.

देवासचं हे हॉटेल उदाजीराव मोहित्यांचं. इंदूरच्या एका कंपनीने तिथली वातानुकूलन यंत्रणा स्वतःच्या पैशांनी सुधारून दिली होती. खिडक्यांना दुहेरी काच बसवून त्या कायमच्या बंद केल्या, पंखे गरजेपुरतेच फिरतील अशी सोय केली. वाचलेल्या विजेतला वाटा कंपनीचा, असा करार होता. पण वाचतच काही नव्हतं. म्हणून कंपनीने कृतिका घाटगेला पाठवलं.

कृतिका धारची. भौतिकशास्त्र शिकलेली, बोलायला कमी. उष्णता तिला नेहमी एखाद्या मांजरासारखी वाटायची. कुठेतरी फट असणार, आणि मांजर ती शोधणारच. फट सापडली की झालं, असं ती मानायची. त्या फटीमागे कुणाचा हात असेल, हा विचार तिला सहसा करावा लागत नसे.

ती गच्चीवर पोचली तेव्हा दुपार कलली होती. ऊन इतकं पांढरं होतं की समोरची देवीची टेकडी पाण्यात बुडाल्यासारखी हलत होती. यंत्राचं पाणी गार करणाऱ्या शीतमनोऱ्यातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज एकसुरी चालला होता आणि त्या आवाजाने सगळी गच्ची पेंगत होती.

"आ गए मॅडम? चला, चोर दाखवतो," नीलेश म्हणाला. तो कंपनीचा इथला माणूस. वडील देवासच्या कारखान्यात नोकरीला म्हणून सोलापूरहून आले, तेव्हापासून घर इथलंच. त्याचं मराठी दर वाक्याला हिंदीच्या गल्लीत वळायचं. "सिस्टम एकदम फिट आहे. गडबड आदमी में है."

त्याने बोट केलं तो माणूस मनोऱ्याच्या सावलीत उभा होता. साठीकडे झुकलेला, खांद्यावर पंचा, हातात पाना. यंत्र चालवणारे खंडोजी.

"भिया, मेरा नाम तो लो कम से कम," खंडोजी शांतपणे म्हणाले. "आदमी आदमी काय करतोस?"

"काका, मी नाही, कंपनी म्हणते. उद्यापर्यंत कारण सापडलं नाही तर तुमच्या जागी कंपनीचा ऑपरेटर येणार. करारात लिहिलंय."

खंडोजींनी मान खाली घातली. त्यांना राग आला नाही, याचंच कृतिकाला नवल वाटलं. आळ आलेला माणूस चिडतो. हे मात्र घाबरलेले दिसत होते.

२

गच्चीच्या टेकडीकडच्या कोपऱ्यात एक चौकोनी तोंड होतं, दारभर रुंद. बाहेरची ताजी हवा तिथून आत यायची आणि थंड होऊन लोखंडी बोगद्यांतून खोल्यांकडे जायची. त्या तोंडावर आडव्या पात्यांची झडप. खोल्यांत माणसं वाढली, श्वास वाढले, की झडप थोडी उघडायची, एरवी मिटलेली. बाहेरची तापलेली हवा गार करण्याइतकं महाग काम दुसरं नाही. नव्या सुधारणेचं निम्मं शहाणपण त्या झडपेत होतं.

खालच्या संगणकाच्या पडद्यावर सगळ्या रात्रींपुढे एकच शब्द दिसत होता: बंद.

कृतिकाने मोटरीकडे पाहिलं. मोटर एका दांडीने झडपेची पाती फिरवत होती, आणि दांडी एका नटाने आवळलेली होती. हाताने फिरवता येईल असा, दोन कानांचा नट. तो सैल केला तर मोटर फिरेल, पडदा 'बंद' म्हणेल, आणि झडप मात्र हाताने ठेवली तशी उघडी राहील.

म्हणजे फट सापडली होती. पण ही फट रोज कुणीतरी करत होतं.

तिने नट चिमटीत धरून पाहिला. आत्ता तो घट्ट होता. बोटांना ग्रीस लागलं आणि ग्रीसमागून एक पुसट वास आला. खसाचा, म्हणजे वाळ्याचा. तिने आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या गच्चीवर एक जुना कूलर ओल्या खसाच्या पडद्यांतून घरघरत होता. माळव्यातला उन्हाळा असाच वास घेऊन येतो. तिने बोटं पुसली.

"खंडोजीकाका, हा नट कोण आवळतं?"

त्यांनी पंच्याने पाना पुसला. मग नीलेश खाली गेल्यावर हळू म्हणाले, "मीच. रोज सकाळी."

"रोज का?"

"रोज सैल असतो म्हणून." त्यांचा आवाज फाटला. "बाई, मी आवळतो. मला आठवतं, आवळला. दुसऱ्या दिवशी बघतो तर सैल. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी कुलपं विसरायचे, मग नावं, मग घर. गावाकडे, तिरल्याच्या रस्त्यावर सापडले होते शेवटी. मी घरी काही सांगितलं नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. पण डोकं चाललंय का माझं, एवढं सांगा."

पाणी पडत राहिलं. चोर पकडायला कृतिका आली होती, आणि एक माणूस स्वतःलाच चोर समजून बसला होता.

३

उदाजीराव खाली त्यांच्या खोलीत भेटले. पांढराशुभ्र सदरा, दाट मिशा, संधिवाताने धरलेले गुडघे. उठून नमस्कार करताना त्यांनी खुर्चीचा हात धरला. खोलीत अत्तराचा गार, गोडसर सुगंध होता आणि बाहेरच्या उन्हानंतर तो झोपेसारखा अंगावर आला.

"खंडोजी नाही," त्यांनी बसताबसताच सांगून टाकलं. "वाटेल ते तपासा, पण खंडोजीने हे केलेलं नाही."

"असं खात्रीने कसं म्हणता, रावसाहेब?"

"म्हणतो ना मी." ते खिडकीच्या बंद काचेकडे बघत राहिले. "यंत्रातच खोट असेल. तुमची कंपनी मोठी, यंत्रं मोठी. कुठेतरी खोट राहते."

त्यांची सून वैभवी स्वागतकक्ष सांभाळायची. तिचं म्हणणं निराळं होतं. "मला विचाराल ना, तर एक दिवस हातोडा घेऊन सगळ्या काचा फोडून टाकीन. कोंडल्यासारखं होतं. पण मामंजींनीच हौसेने काचा बसवल्या. आख्ख्या देवासात पहिलं असं हॉटेल म्हणून फोटोसुद्धा काढून घेतले."

"गच्चीवर जाता तुम्ही?"

"मी? या उन्हात? वेड लागलंय का हो!" ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "वर एकट्या आईसाहेबांचे, मामंजींच्या आईंचे, दिवस बरे चाललेत. मध्ये जेवण अगदी तुटलं होतं. नवीन यंत्र बसलं, त्याच सुमाराला. डॉक्टर झाले, टॉनिक झालं. आता ताट रिकामं येतं."

"आणि कधी भरलेलं येतं?"

"परवाच आलं की. मामंजी पीथमपूरला होते, कारखान्याच्या पाहुण्यांचं ठरवायला. मला वाटलं, पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ठीक."

कृतिकाने आपल्या फोनवरचा विजेचा आलेख उघडला. डोंगरांच्या रांगेसारखी रेघ होती. रोज दिवेलागणीला चढ, सकाळी उतार. एका ठिकाणी मात्र संध्याकाळचा डोंगरच नव्हता. सपाट, शांत मैदान.

ती संध्याकाळ परवाची होती.

४

झडपेतून शिरलेली हवा कुठवर जाते ते पाहायला धूर लागतो. कृतिकाने उदबत्ती मागितली तेव्हा वैभवीने तिला थेट वरच्या मजल्यावर, आईसाहेबांच्या खोलीत पाठवलं.

राजाबाई मोहिते पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. नऊवारी लुगडं, पांढरे केस, देवघरातल्या समईइतकाच शांत चेहरा. हे हॉटेल बांधलं तेव्हा टेकडीकडची ही खोली त्यांनीच मागून घेतली होती. आता त्या बाजूला जाड काच होती, आणि काचेपलीकडे टेकडी चित्रासारखी उभी होती. आवाज नसलेली, वारा नसलेली.

"उदबत्ती हवी? घे की. कुठली गं तू?"

"धारची, आईसाहेब. घाटग्यांची. मुंज तलावाजवळ घर."

"अगं, माझं माहेर धारचंच!" म्हातारीचे डोळे उजळले. "घाटगे म्हणजे दत्ताजींची तू कोण?"

"नात."

"बस मग. उभ्याउभ्याने धूर करतात का माहेरची माणसं?"

कृतिका बसली. उदबत्ती तिने छताजवळच्या जाळीखाली धरली. धूर सरळ वर गेला, जरा रेंगाळला आणि आळसावून पसरला. आत्ता झडप मिटलेली होती. खोलीतला गारवा तळ्यातल्या पाण्यासारखा स्थिर होता. जागरण, प्रवास, ऊन. कृतिकाच्या पापण्या जड झाल्या. राजाबाई बोलत होत्या आणि त्यांचं बोलणं दुरून, पाण्याखालून यावं तसं येत होतं.

"लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी एकच सांगितलं. टेकडीवरची घंटा ऐकल्याशिवाय संध्याकाळचा घास नाही. सकाळी तशीच, घंटेआधी चहा नाही. उदाजी लहान होता, भुकेला व्हायचा, पण माझ्याशेजारी बसून वाट बघायचा. घंटा झाली की पहिला घास त्याला. आता मोठा झाला. आता तो त्या वेळी गच्चीवर असतो."

"गच्चीवर?"

"देवीच्या दर्शनाला गं. रोज दिवेलागणीला. गुडघे साथ देत नाहीत तरी जातो. छतावर त्याची पावलं वाजतात, एक जड, एक हलकं. मग घंटा होते." त्या हसल्या. "मध्ये एकदा त्याने मोबाइलात घंटा वाजवून दाखवली. मी म्हटलं, बाळा, देवीची घंटा खिशातून येते का?"

कृतिकाच्या हातातल्या उदबत्तीची राख मांडीवर पडली.

"घंटा रोज ऐकू येते, आईसाहेब?"

"येते. मध्ये काही दिवस बंद होती. पुजाऱ्यांची काही अडचण असेल. परवाही झाली नाही."

तेवढ्यात छतावर पाऊल वाजलं. एक जड. एक हलकं.

कृतिका निश्चल बसून राहिली. उदबत्तीचा धूर थरथरला, वाकला, आणि जाळीपासून दूर ढकलला गेला. जाळीतून धुपाचा, तापलेल्या दगडाचा, कडुलिंबाचा वास उतरला. आणि त्या हवेबरोबर, लोखंडी बोगद्यातून वळणं घेत, स्वप्नात ऐकू यावी तशी घंटा आली.

राजाबाईंनी हात जोडले आणि ताटावरचं झाकण उचललं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी कृतिकाने सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. त्यासाठी तिला धीर गोळा करावा लागला. रात्रभर ती एका वाक्याभोवती फिरत होती, आणि ते वाक्य कसं बोलावं हे तिला अजून कळलं नव्हतं. नीलेश, खंडोजी आणि उदाजीराव जमले. वैभवीही पदर डोक्यावर घेऊन आली.

"मॅडम, नाव सांगून टाका," नीलेश म्हणाला. "मला इंदूरला फोन करायचाय."

"आधी एक नाव पुसते," कृतिका म्हणाली. "खंडोजीकाका, गेल्या महिन्यात तुम्ही सुट्टी घेतली होती?"

"भाच्याच्या लग्नाला. तिरल्याला. आदल्या दिवशी कामावर होतो, लग्नाच्या दिवशी गेलो."

"त्या दिवशी यंत्र दिवसभर धापा टाकत होतं. सकाळचा उतार आलाच नाही." तिने फोन नीलेशपुढे धरला. "झडप उघडणारे काका असते, तर ते नसताना ती मिटलेली राहिली असती. झालं उलटं, ते नव्हते म्हणून ती मिटली नाही. एक हात रोज संध्याकाळी नट सैल करतो, दुसरा रोज सकाळी आवळतो. आवळणारा हात काकांचा." ती खंडोजींकडे वळली. "तुम्ही काहीच विसरत नव्हता, काका. तुम्ही आवळलेला नट खरंच कुणीतरी सोडत होतं."

खंडोजींनी पंचा तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलत होते.

"मग सोडतं कोण?" नीलेशचा आवाज जरा उतरला होता. "वैभवीभाभी? त्यांना काचा आवडत नाहीत..."

"ए नीलेश, जीभ सांभाळ," वैभवी म्हणाली.

"तीन दिवसांपूर्वी संध्याकाळी कुणी सोडला नाही," कृतिका म्हणाली. "वैभवीवहिनी इथे होत्या, काका इथे होते. नीलेश, तुम्हीही इथेच होता. त्या नटाला खसाचा वास येतो. मी तो शेजारच्या कूलरचा समजले होते. पण कूलरचा वास नटाला चिकटत नाही. अत्तराचा चिकटतो."

एवढं बोलून ती थांबली. पुढचं वाक्य तिला उच्चारावं लागलं नाही.

"मी सोडतो," उदाजीराव म्हणाले.

ते झडपेपाशी गेले, एक पाऊल जड, एक हलकं.

"काचा मीच बसवल्या. हौसेने. फोटो काढले. आणि आईने जेवण सोडलं. ती बोलली नाही. ती बोलतच नाही. ताट परत यायचं. मला कळायला आठवडे लागले, की तिला घंटाच ऐकू येत नाहीये. तिला वाटत होतं, देवळातली बंद झाली." ते कठड्याला टेकले. "एका संध्याकाळी या नीलेशने तपासणीसाठी झडप उघडली होती. मी आईजवळ होतो. घंटा आली. भिंतीतून आली, बाई! त्या दिवशी ती जेवली."

"पण रावसाहेब," नीलेश अडखळला, "सांगायचं ना! एक शब्द..."

"कुणाला? कंपनीला? झडपेला हात लावणार नाही म्हणून मी सही केलीय. आणि आईच्या कानावर गेलं असतं, तर तिने दुसऱ्या दिवशी बोचकं बांधून धारला भावाकडे जायचं काढलं असतं. आपल्यापायी कुणाचं अडलेलं तिला खपत नाही." मग ते खंडोजींकडे वळले आणि त्यांचा आवाज खाली गेला. "तुझ्यावर आळ येऊ देणार नव्हतो. तू नाहीस, हे मी प्रत्येकाला सांगितलं. पण तू स्वतःवरच घेशील, हे... हे माझ्या ध्यानात आलं नाही रे."

खंडोजींनी पंचा खाली घेतला. डोळे लाल, पण चेहऱ्यावर हसू फुटत होतं.

"रावसाहेब, एवढे जिने चढायचे तर मला सांगायचं. मी सोडला असता नट. तसंही रोज आवळतच होतो."

सगळ्यांत आधी वैभवी हसली.

६

एका कानाला घंटा ऐकू यावी म्हणून तीन मजल्यांची हवा तापत होती. कृतिकाला हे गणित सुटल्यासारखं वाटलं, कारण आता त्यातली खरी राशी कळली होती. घंटेला लागणारी फट बोगद्याएवढी नव्हती. हातभर होती.

तिने कंपनीला कळवलं की यंत्र निर्दोष आहे, माणसंही निर्दोष आहेत. आराखडा करताना एक गरज विचारायची राहून गेली. नीलेशने कुरकुर केली आणि मग त्यानेच कारागीर बोलावला. राजाबाईंच्या खोलीतल्या जाड काचेत एक लहान झरोका कापला, टेकडीच्या बाजूला, पलंगावरून हात पोचेल असा. त्याच्या चौकटीत एक कळ बसवली. झरोका उघडला की त्या एका खोलीतला गारवा थांबेल, जाळी मिटेल. लावला की पुन्हा सुरू. बाकी हॉटेलला पत्ताही लागणार नाही. राजाबाईंना वैभवीने सांगितलं, "सगळ्याच मोठ्या हॉटेलांत असतो, आईसाहेब." त्यांनी मान डोलावली आणि सुनेकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

निघण्याच्या संध्याकाळी कृतिका शेवटचं गच्चीवर गेली. ऊन उतरलं होतं. टेकडी निळसर धुक्यातून तरंगत वर आल्यासारखी दिसत होती आणि तिच्यावरचे दिवे एकेक करून लागत होते. खंडोजी झडपेपाशी उभे होते. त्यांनी नट चिमटीत धरला, फिरवून पाहिला. नट हलला नाही. त्यांनी पुन्हा पाहिला.

"घट्ट आहे," ते म्हणाले, जणू कुणी विचारलं होतं. मग पाना खिशात टाकून ते खाली निघाले. घरी लवकर जायचं होतं.

कृतिकाही खाली आली. राजाबाईंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. झरोका उघडा, आणि त्यातून तापलेला, धुपाचा वारा आत येत होता. पलंगाशेजारी खुर्ची ओढून उदाजीराव बसले होते. मोठा, मिशीवाला माणूस, हात गुडघ्यांवर, शाळेतल्या मुलासारखा ताठ.

"आज दर्शनाला नाही गेलास वर?" राजाबाईंनी विचारलं.

"नाही."

"बरं झालं. छत झिजलं असतं." त्या काचेकडे बघत होत्या. "बाळा, मी म्हातारी झालेय, खुळी नव्हे. घंटा कुठल्या बाजूने येते ते मला कळतं."

उदाजीराव काही बोलणार, तेवढ्यात घंटा झाली. सरळ, मोकळी, कुठलंही वळण न घेता. राजाबाईंनी हात जोडले, झाकण उचललं, भाकरीचा तुकडा मोडून वरणात बुडवला, आणि पहिला घास त्याच्यापुढे धरला.